फुटाचा भाव विचारण्याआधी: खान्देशात घराच्या खर्चाचा अंदाज कसा काढायचा

"फुटना काय भाव शे, भाऊ?" कुठे सेंट्रिंग (स्लॅबचा साचा) लागलेलं दिसलं की हा प्रश्न विचारला जातोच, मग ते जळगावचं पिंप्राळा असो, धुळ्याचं देवपूर असो की शहाद्याकडचं एखादं गाव. ठेकेदार एक आकडा सांगतो. विचारणारा मनातल्या मनात त्याला आपल्या घराच्या फुटांनी गुणतो आणि घरी जाऊन सांगतो, "तेवीस-चोवीस लाखांत होतंय." पुढे स्लॅब पडतो, बिल हातात येतं आणि मग वाद सुरू होतो. बहुतेक वेळा ठेकेदार खोटं बोललेला नसतो. त्याचा चौरस फूट वेगळा असतो आणि आपला वेगळा. म्हणून भाव विचारण्याआधी माप कोणतं ते ठरवायचं. बाकीचं सगळं त्यानंतर.

पहिलं काम: माप ठरवणे

प्लॉटचं माप आणि घराचं माप यांत गल्लत होत नाही असं वाटतं, पण होते. ३० बाय ५०चा एनए (बिगरशेती) प्लॉट १५०० चौरस फुटांचा. गावाकडे जागा गुंठ्यात सांगतात, १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. पुढे, मागे आणि बाजूला मोकळी जागा सोडल्यावर जे उरतं त्यावर घर उभं राहतं. सरकारी कागदावर हेच माप चौरस मीटरमध्ये असतं. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता घराचं माप. समजा तळमजला बाहेरून बाहेर २५ बाय ३२, म्हणजे ८०० चौरस फूट. हे बांधीव क्षेत्र. बाहेरच्या भिंती ९ इंची धरल्या तर आत २३.५ बाय ३०.५ उरतात, म्हणजे साधारण ७१७. त्यातून आतल्या ४ इंची भिंती वजा केल्या की फरशी बसेल अशी जागा ६९०च्या आसपास राहते. हे कार्पेट. फरशीवाला याच्या जवळपासच्या मापाने हिशोब करतो. ठेकेदार मात्र साधारणपणे स्लॅबचं माप धरतो, आणि ते या दोन्हींपेक्षा मोठं असतं.

हेच घर स्लॅबच्या मापाने मोजून पाहू. तळमजल्यावरचा स्लॅब ८००. समोर गाडीसाठी १० बाय १२चा पोर्च, १२०. पुढच्या बाजूने ३ फूट बाहेर काढलेली गॅलरी २५ फूट लांब, ७५. एका स्लॅबचेच ९९५ झाले. वर दोन खोल्या आणि बाथरूम धरून ५०० फूट. गच्चीवर जिन्याच्या डोक्यावरची खोली ८ बाय १५, १२०. एकूण १६१५. मालकाच्या डोक्यात असतात ८०० आणि ५०० मिळून १३००.

गणितापुरता दर १८०० रुपये धरू. हा बाजारभाव समजू नका, तुमच्या गावचा दर तुम्हीच काढायचा आहे. १३०० फुटांचे २३ लाख ४० हजार होतात, १६१५ फुटांचे २९ लाख ७ हजार. फरक ५ लाख ६७ हजारांचा, आणि दरात एक रुपयाही वाढलेला नाही.

मग काय करायचं? नकाशाची झेरॉक्स घ्या, ठेकेदाराला शेजारी बसवा आणि प्रत्येक तुकड्यावर पेनने आकडा लिहून घ्या. पोर्च आणि गॅलरी अर्ध्या मापाने धरायची पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते. मला ती रास्त वाटते, कारण तिथे स्लॅब असतो पण चारही बाजूंनी भिंत, गिलावा, खिडक्या नसतात. खिडक्यांवरचे छज्जे मापात धरायचे की नाही, जिन्याची मोकळी जागा वजा करायची की नाही, गच्चीचा कठडा रनिंग फुटाने वेगळा की दरातच, हेही तेव्हाच ठरवा. सेंट्रिंग लागल्यावर या गोष्टी काढल्या तर समोरचा ऐकत नाही, आणि त्यात त्याची चूकही नसते.

उंचीचा मुद्दा इथेच सांगतो. चौरस फुटाच्या दरात उंची दिसत नाही. खान्देशातल्या उन्हाळ्यामुळे बरेच जण १० फुटांऐवजी ११ फूट उंची मागतात, आणि ते शहाणपणाचं आहे. पण त्या एका फुटाने वीटकाम, गिलावा आणि रंग जवळपास दहा टक्क्यांनी वाढतात, स्लॅबचं माप तेवढंच राहतं. उंची आधी बोलून घेतली नसेल तर ठेकेदार १० फुटांचाच दर देऊन बसलेला असतो.

दुसरं काम: जमीन बघणे

इथे घाई करू नका. वरचं घर कागदावर मोजता येतं, खालची माती येत नाही.

तापीच्या काठाने रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा या पट्ट्यात नदीच्या गाळाचा थर खूप खोल आहे आणि वर काळी कापसाची माती आहे. हीच माती केळी आणि कापूस पिकवते आणि घराला त्रास देते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हातभर भेगा पडतात. पाया उथळ असला की भिंतीला तिरपे तडे जातात, दरवाजे अडकतात. साक्रीच्या बाजूला चित्र उलटं असतं. थोड्या खोलीवर मुरूम किंवा काळा पाषाण लागतो. तिथे पाया लवकर बसतो, पण दगड लागला तर ब्रेकरचं भाडं मोजावं लागतं.

म्हणून ठेका ठरवण्याआधी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डा घेऊन बघा. शेजारच्या घराचा पाया किती खोल गेला होता तेही विचारा, ही माहिती फुकट मिळते. दुमजली घर असेल आणि माती काळी असेल तर माती परीक्षणाचे पैसे वाचवू नका. तापीचा पट्टा भूकंपाच्या दृष्टीने मध्यम धोक्याच्या तिसऱ्या विभागात मोडत आला आहे, त्यामुळे कॉलम आणि फुटिंगचं (कॉलमखालच्या पायाचं) डिझाइन इंजिनिअरकडूनच करून घ्या. "मी अशी पन्नास घरं बांधली" हे डिझाइन होत नाही.

खोली वाढली की काय होतं ते आकड्यांत बघा. १२ कॉलम, प्रत्येकाचा खड्डा ५ बाय ५. दर ठरवताना ५ फूट खोली धरली होती, प्रत्यक्षात घट्ट थर ९ फुटांवर लागला. प्रत्येक खड्ड्यात १०० घनफूट जादा खोदाई, म्हणजे १ ब्रास. बारा खड्ड्यांचे १२ ब्रास. कॉलम ९ बाय १५ इंचांचा असेल तर वाढीव ४ फुटांचं काँक्रीट सगळे मिळून ४५ घनफूट होतं. प्रत्येक कॉलमला १६ एमएमच्या सहा सळया आणि रिंगा धरल्या तर लोखंड एकूण १८० किलोच्या आसपास वाढतं. आणि खड्डे बुजवताना काढलेली काळी माती परत टाकायची नसते, मुरूम टाकायचा असतो. त्यामुळे जवळपास तेवढेच ब्रास मुरूम जादा लागतो. ठेक्यात एक ओळ नक्की घाला: "पाया इतक्या फुटांपर्यंत दरात, त्यापुढे प्रति फूट इतके." ती ओळ नसेल तर दोघांपैकी एक जण रडतो.

जोत्याचा भरावही असाच. ८०० फुटांच्या घराला २ फूट जोतं म्हणजे १६०० घनफूट, १६ ब्रास. पाणी मारून धुमसल्यावर मुरूम बसतो, म्हणून २० ब्रास मागवावा लागतो. रस्ता प्लॉटपेक्षा उंच असेल आणि जोतं ३ फूट करावं लागलं तर ३० ब्रास. नव्या कॉलनीत रस्ता अजून व्हायचा असतो आणि तो झाल्यावर उंचच होतो, हे धरूनच जोतं ठरवा.

पाया आणि जोतं यांचा खर्च तळमजल्यावर पडतो आणि वरच्या मजल्याला आयता मिळतो, त्यामुळे वरच्या मजल्याचा फुटाचा खर्च कमी येतो. लहान घराचं याच्या उलट. ४५० फुटांच्या घरालाही एक स्वयंपाकघर, एक संडास-बाथरूम, एक सेप्टिक टँक आणि एक मीटर लागतंच. ९०० फुटांच्या घराचा दर अर्ध्या घराला लावला की अंदाज कमी येतो.

तिसरं काम: दर मागणे

दर दोन प्रकारचा असतो. एक फक्त मजुरीचा, ज्यात सिमेंट, लोखंड, वाळू, विटा मालकाच्या. दुसरा मालासकट. मजुरीच्या ठेक्यात स्वस्त पडतं असं म्हणतात आणि ते खरंही आहे, पण त्यासाठी घरातलं एक माणूस रोज साइटवर हवं. शेती किंवा नोकरी सांभाळून ते जमत नसेल तर वाचलेले पैसे वाया गेलेल्या मालात जातात. मजुरीत सेंट्रिंगच्या प्लेटा, मिक्सर, बांधणीची तार, खिळे, कव्हर ब्लॉक आणि पाणी कोणी आणायचं ते विचारा. या गोष्टी किरकोळ वाटतात, पण सगळ्या मिळून चांगलीच रक्कम होते.

मालासकट दर घेत असाल तर तीन ठेकेदारांना एकच कागद द्या. त्यावर सिमेंटचा प्रकार, लोखंडाचा ग्रेड, विटेचा प्रकार, फरशीचा फुटाचा भाव, दरवाजाची चौकट कशाची, वायरिंग आणि नळाचा ब्रँड आणि रंगाचे किती हात हे लिहिलेलं असू द्या. एकाने १६५० सांगितले आणि दुसऱ्याने १९५०, तर पहिला स्वस्त असं लगेच म्हणू नका. पहिल्याची फरशी ४० रुपये फुटाची असेल आणि दुसऱ्याची ७०ची. ठेकेदाराने सांगितलेला दर, सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवर होता तेव्हाचा तर नाही ना, तेही पाहा. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे.

आणि गावाची तुलना गावाशीच करा. जळगावचा दर सातपुड्यातल्या धडगावला चालत नाही. खडी क्रशरवरून घाट चढून जाते तेव्हा खडीचा भाव तोच राहतो, भाडं बदलतं.

चौथं काम: मालाच्या हिशोबाने पडताळा

फुटाचा दर खरा की फुगवलेला हे घरी बसून तपासता येतं. साध्या आरसीसी घराला दर चौरस फूट स्लॅबमागे सुमारे ०.४ पोतं सिमेंट आणि साडेतीन ते चार किलो लोखंड लागतं. वाळू सर्व कामांना मिळून दीड ते पावणेदोन घनफूट आणि खडी सव्वा घनफूट किंवा थोडी जास्त. हे ढोबळ आकडे आहेत, डिझाइनप्रमाणे खालीवर होतात. आपल्या १६१५ फुटांना लावून बघा: सुमारे ६४६ पोती सिमेंट, साडेपाच ते साडेसहा टन लोखंड, २४ ते २८ ब्रास वाळू आणि २० ब्रासच्या वर खडी. आज दुकानात विचारलेला भाव यांना लावा. विटांचा हिशोब भिंतीवरून करा. ९ बाय ४ बाय ३ इंचांची गावठी वीट असेल तर ९ इंची भिंतीच्या १०० चौरस फुटांना सुमारे १००० विटा लागतात, ४ इंची भिंतीला निम्म्या. वीट मात्र स्वतः टेपने मोजा, प्रत्येक भट्टीचा साचा वेगळा असतो. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र असल्याने राखेच्या विटा आपल्याकडे मिळतात. त्यांचं माप सारखं असतं आणि गिलावा पातळ बसतो. मातीच्या विटेशी तुलना करताना नगाचा भाव बघू नका, भिंतीच्या चौरस फुटाचा बघा.

माल उतरताना दोन गोष्टी डोळ्यांनी बघायच्या. डंपरची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणा आणि १००ने भागा, म्हणजे ब्रास निघतात. १२ बाय ७चा हौदा अडीच फूट भरला असेल तर २१० घनफूट, म्हणजे २ ब्रास आणि वर थोडं. हे माप गाडी रिकामी होण्याआधी घ्यायचं, ढीग पडल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही. नदीची ओलसर वाळू फुगलेली असते, हे फुगणं २० ते ३० टक्क्यांपर्यंत जातं. ओल्या मापाने घेतलेली वाळू वाळल्यावर कमी भरणार हे धरून चला. क्रशरची धुतलेली वाळू घेतलीत तर घासाघीस कमी होते.

लोखंडाला वजनकाटा असतोच, पण सळया मोजूनही ताळा घेता येतो. जाडी एमएममध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि १६२ने भागा, एका मीटरचं वजन किलोत निघतं. १२ एमएमची १२ मीटरची सळई १०.६६ किलोच्या आसपास भरायला हवी. थोडाफार फरक चालतो. दर सळईमागे अर्धा-पाऊण किलो कमी येत असेल तर दुकानदाराला शांतपणे विचारा.

एवढं करून मालाची बेरीज आली की त्यात मजुरी मिळवा. पूर्ण घराच्या खर्चात मजुरी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा असते. ही बेरीज आणि ठेकेदाराचा आकडा दहा-पंधरा टक्क्यांत बसत असतील तर दर ठीक आहे, तेवढा त्याचा नफा आणि त्रास. फरक जास्त असेल तर कारण विचारा. आकडा मालाच्या बेरजेपेक्षाही कमी असेल तर जास्त काळजी करा.

पाचवं काम: ऊन आणि पाणी अंदाजात धरणे

भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५च्या पुढे जातो आणि त्याची किंमत बांधकामात मोजावी लागते. जुनी धाब्याची घरं थंड राहायची ती वरच्या मातीच्या जाड थरामुळे. आजचा ५ इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री खोलीत उष्णता सोडतो. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसवली तर गळतीही थांबते आणि घरही थोडं निवतं. हे काम दरात आहे का, हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारायचाच. बऱ्याचदा दरात फक्त "वॉटरप्रूफिंग" एवढा शब्द असतो आणि त्याचा अर्थ सिमेंटच्या पाण्याचे दोन हात निघतो.

काँक्रीटला पाणी द्यायचा काळही उन्हाने वाढतो. बाजारात मिळणारं सिमेंट बहुतांशी पीपीसी (राख मिसळलेलं) असतं, आणि कोरड्या उष्ण हवेत अशा काँक्रीटला भारतीय मानक १४ दिवस ओलं ठेवायला सांगतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास स्लॅब टाकणार असाल आणि गाव अमळनेर, पारोळा किंवा शिंदखेड्याच्या टंचाईच्या भागात असेल, तर टँकरचा खर्च आधीच धरा. नाहीतर तीन दिवस पाणी मारून काम उरकलं जातं आणि त्याचे तडे नंतर दिसतात.

दराच्या बाहेर राहणारे खर्च

यांची यादी फ्रीजवर चिकटवण्यासारखी आहे. नकाशा, डिझाइन आणि मंजुरी. महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत विकास शुल्क. बोअर, मोटर, जमिनीतला हौद आणि वरची टाकी. सेप्टिक टँक, शोषखड्डा. कंपाउंड: ३० बाय ५०च्या प्लॉटला घेर १६० फूट, गेट वजा केलं तरी दीडशेच्या जवळ रनिंग फूट भिंत, तिलाही काळ्या मातीत पाया लागतोच. गेट, ग्रिल, जिन्याचं रेलिंग. ओट्याचा ग्रॅनाइट, कपाटं, पंखे, दिवे. बांधकामाचं तात्पुरतं वीज मीटर. माल ठेवायला शेड आणि राखणदार. जुन्या गावठाणात शेजाऱ्याची भिंत समाईक असेल तर तिच्या आधाराचा आणि दुरुस्तीचा खर्च. वास्तुशांतीचा विषय मी इथे काढत नाही, तो आकडा प्रत्येक घराचा वेगळा.

या सगळ्याला घराच्या बेरजेच्या १५ ते २० टक्के सहज लागतात, कंपाउंड आणि बोअर दोन्ही नवे असतील तर त्याहूनही वर. शिवाय दहा टक्के हातात राखून ठेवा, भाववाढीसाठी आणि "हेही करून टाकू" साठी.

पैशाचं वेळापत्रक

साधारण वाटणी अशी येते: पाया ते जोतं १५ ते २० टक्के, कॉलम-बीम-स्लॅब २५ ते ३०, वीटकाम आणि गिलावा १५ ते २०, आणि उरलेले ३५ ते ४० फरशी, दारं-खिडक्या, नळ, वायरिंग, रंग यांत. स्लॅब पडला की पाहुणे "झालं की घर" म्हणतात, पण तेव्हा खिशातून निम्मेच पैसे गेलेले असतात. फरशी आणि दारांजवळ काम अडलेली घरं आपल्या प्रत्येक गावात दिसतात.

कापसाचे पैसे दिवाळीनंतर येतात, त्या हिशोबाने पाया आणि जोतं उन्हाळ्याआधी उरकता येतं. पैसा कमी असेल तर काम जोत्यावर थांबवलेलं बरं. भराव एका पावसाळ्यात बसून घेतो आणि नंतर फरशी खचत नाही. स्लॅबवर थांबणं महागात पडतं, कारण कॉलमच्या वर सोडलेल्या उघड्या सळया गंजतात. थांबायचंच झालं तर त्यांवर सिमेंटचा लेप द्या. कर्ज घेणार असाल तर बँक झालेल्या कामावर टप्प्याने पैसे देते, म्हणून पायापुरती रक्कम स्वतःची हवी.

ठेकेदाराला हप्ते कामाच्या टप्प्यावर द्या, तारखेवर नाही. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवायचे असं ठेक्यातच लिहा. गच्ची गळते की नाही, काळ्या मातीवरची भिंत हलते की नाही हे ऑगस्टमध्येच कळतं, आणि ते पैसे हातात असले तर फोन उचलला जातो.